इंजिनिअरिंगची वाट: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावी सायन्सचा मुलगा घरात असला की सल्ल्यांची कमतरता नसते. मामा एक सांगतात, क्लासचे सर दुसरं, शेजारचा ‘लास्ट इयर’वाला दादा तिसरंच. यातले काही सल्ले दहा वर्षांपूर्वीच्या नियमांवर बेतलेले असतात, तर काही निव्वळ ऐकीव. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि लाखोंची फी अशा बोलण्यावर ठरू नये, म्हणून काही समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज १ : सीईटीत ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण.

वस्तुस्थिती : ९० पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर शंभरांपैकी नव्वद जणांचे गुण त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून ही पद्धत वापरतात. पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे! चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावं : भौतिक आणि रसायनशास्त्राचा पेपर मराठीतून देता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच असतो. गणितातल्या इंग्रजी संज्ञांची सवय अकरावीपासूनच करायला हवी.

गैरसमज २ : सीईटी चांगली गेली की बारावीच्या गुणांना किंमत नाही.

वस्तुस्थिती : राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बारावीला ठरलेल्या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात, राज्यातील राखीव प्रवर्गांसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. आयआयटी-एनआयटीचा दरवाजा आणखी अरुंद. तिथे बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीसाठी ६५) किंवा आपल्या बोर्डात पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान हवं. जेईईत उत्तम क्रमांक मिळवूनही बोर्डाच्या गुणांवर प्रवेश अडू शकतो.

गैरसमज ३ : ऑप्शन फॉर्ममध्ये ‘मिळणार नाही’ असं कॉलेज वर टाकलं की खालचंही हातचं जातं.

वस्तुस्थिती : या एका समजापायी अनेकांचं नुकसान होतं. कॅप राउंडमध्ये जागावाटप गुणवत्तेनुसार होतं. विद्यार्थ्याची पाळी आली की त्याच्या यादीतले पर्याय वरून खाली तपासले जातात आणि उपलब्ध असलेला पहिला पर्याय त्याला मिळतो. वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. म्हणून यादी मनातल्या खऱ्या पसंतीनेच लावावी. फक्त एक सावधगिरी : पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर तो पक्का धरला जातो आणि पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. ज्या कॉलेजात जायचंच नाही, ते पहिल्या क्रमांकावर कधीही लिहू नये.

गैरसमज ४ : डिप्लोमा म्हणजे कमी गुणवाल्यांची पळवाट.

वस्तुस्थिती : दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तो डिप्लोमाच्या गुणांवर होतो, सीईटी द्यावी लागत नाही. वर्कशॉप, ड्रॉइंग आणि मशिनशी ओळख सोळाव्या वर्षीच झालेली असते. अडचण येते ती गणितात. पहिल्या वर्षाचं ‘एम-वन, एम-टू’ न शिकता ही मुलं थेट ‘एम-थ्री’ला बसतात आणि तिथे केटी लागते. ते गणित मधल्या सुट्टीत उरकून घेतलं, तर पुढची वाट सोपी होते.

गैरसमज ५ : भविष्य फक्त कॉम्प्युटरलाच, आणि मेकॅनिकल-सिव्हिल मुलींसाठी नाही.

वस्तुस्थिती : पुण्याच्या सीओईपीत शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासला धरणावर १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले; ते सिव्हिल इंजिनिअर होते. त्याच सीओईपीतून १९६७ मध्ये मेकॅनिकलची पदवी घेणाऱ्या लीला पूनावाला पुढे अल्फा लव्हाल इंडियाच्या प्रमुख झाल्या. आजही एनटीपीसीसारख्या सरकारी कंपन्या मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या पदवीधरांना गेटच्या गुणांवर घेतात, आणि गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते. मुलींच्या पालकांना फीची चिंता असेल, तर २०२४-२५ पासूनचा शासनाचा निर्णय माहीत असावा : कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं.

सीईटी सेल दर वर्षी माहितीपुस्तिका काढतं आणि आधीच्या वर्षाचे कटऑफही जाहीर करतं. नियम वर्षागणिक बदलतात. तेव्हा पालकांनी आणि मुलांनी ऑप्शन फॉर्म भरण्यापूर्वी त्या वर्षाची पुस्तिका शेजारी बसून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी.