खुब्यात रॉड टाकला, आता आजींना उठवा

न्हाणीघरात पाय घसरतो, आजी पडतात आणि उठता येत नाही. दुखरा पाय आखूड दिसतो, पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. एक्स-रेमध्ये खुब्याचं हाड मोडलेलं दिसतं आणि घरात चर्चा सुरू होते, ‘ऐंशीव्या वर्षी ऑपरेशन कशाला? वजन लावून झोपवून ठेवू, जुळेल हाड.’

हाड कदाचित जुळेलही. खुब्याच्या सांध्याच्या थोडं खाली, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी मोडलं असेल तर तिथला रक्तपुरवठा चांगला असतो. पण त्यासाठी दोन-तीन महिने खाटेवर काढावे लागतात, आणि म्हातारं माणूस खचतं ते तिथेच. न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, लघवीत जंतुसंसर्ग होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. रॉड टाकायचा तो मुख्यतः हे टाळण्यासाठी.

‘मांडी पूर्ण फाडतात’ हीसुद्धा ऐकीव गोष्ट. खास टेबलावर पाय ओढून, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत हाड आधी जागेवर आणतात. खुब्याच्या वर काही सेंटिमीटरचा छेद घेऊन हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड सरकवतात. त्यातून एक जाड स्क्रू खुब्याच्या गोळ्यात जातो, खाली एक-दोन स्क्रूंनी रॉड पक्का होतो. हाडाच्या पोकळीत असा रॉड घालण्याची पद्धत जर्मन सर्जन गेरहार्ड क्युंचर यांनी १९३९-४० च्या सुमारास रूढ केली.

मात्र प्रत्येक खुब्याला रॉडच हवा असं नाही. हाड मानेत, म्हणजे गोळ्याच्या लगेच खालच्या भागात, मोडून सरकलं असेल तर वयस्कर रुग्णात बहुधा गोळा किंवा सांधाच बदलतात. साध्या, स्थिर फ्रॅक्चरला स्क्रू-प्लेटही तितकीच चालते आणि बहुधा स्वस्त पडते. महाग ते चांगलं, हा हिशोब इथे लागू नाही.

‘भूल सोसणार नाही’ ही धास्ती मोठी. पाठीतून भूल की पूर्ण भूल, याची तुलना करणारा सोळाशे रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. साठ दिवसांनंतर जगण्यात आणि चालण्यात फरक आढळला नाही. उलट, ‘शुगर-बीपी नॉर्मल होऊ दे, मग बघू’ म्हणत आठवडा घालवणं महागात पडतं. शक्यतो २४ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. १७ देशांतल्या सुमारे तीन हजार रुग्णांच्या चाचणीत, निदानानंतर सहा तासांच्या आसपास ऑपरेशन झालेले रुग्ण लवकर उभे राहिले आणि त्यांच्यात भ्रमही कमी आढळला. मृत्यूचं प्रमाण मात्र घटलं नाही, हेही सांगायला हवं.

तो भ्रम घरच्यांना फार घाबरवतो. आजी रात्री भलतंच बोलतात, सलाईन ओढतात. लगेच ‘भुलीनं डोकं बिघडलं’ असा निकाल लागतो. पण वेदना, ताप, अपुरी झोप, अंगात पाणी कमी, ही भ्रमाची नेहमीची कारणं. बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो. चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी आठवणीनं ठेवा.

सर्वांत घातक गैरसमज पुढचा, ‘तीन महिने पाय टेकवायचा नाही.’ हाड नीट बसलं आणि सर्जननं हरकत घेतली नाही तर दुसऱ्या दिवशीच वॉकरवर उभं करतात, शक्य तेवढा भार पायावर देऊ देतात. दुखतं, म्हणून आधी वेदनाशामक आणि मग चालणं. माया करावी, पण झोपवून ठेवण्याची नको.

म्हणून रॉडनं सगळं पूर्ववत होतं असंही मानू नये. पूर्वीसारखं चालणं साधारण निम्म्याच रुग्णांना परत मिळतं, आणि पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार चार-पाचांतला एक रुग्ण वर्षभरात दगावतो. जुने आजार, कुपोषण आणि अशक्तपणा यांचा त्यात मोठा वाटा असतो. रॉड पुढे काढावा लागतो, ही भीती मात्र सोडा. त्रास नसेल तर तो जन्मभर राहतो.

हळद-दूध जरूर द्या, पण ठिसूळ हाडाला तेवढं पुरत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत सुरू केलेल्या, वर्षातून एकदा दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडच्या इंजेक्शननं पुढची फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ च्या चाचणीत दिसलं. ते प्रत्येकाला चालत नाही, आधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासावं लागतं. म्हणून डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना विचाराच, ‘हाडाच्या ठिसूळपणावर औषध कोणतं, आणि कधीपासून?’