वैनगंगेची पातळी आणि कोऱ्या यंत्राची साक्ष

भंडाऱ्यालगत कारधा येथे वैनगंगेची पातळी मोजली जाते व तेथे धोक्याची पातळी म्हणून 245.50 मीटर हा आकडा मुकर्रर आहे. 2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सोडल्यावर नदीकाठच्या वस्त्या जलमय झाल्या, त्यानंतर त्या आकड्याचे महत्त्व या भागात कोणास सांगावे लागत नाही. अशा नोंदी वाचून इशारा देणारे सॉफ्टवेअर कोणी रचू लागला, तर त्याची पहिली परीक्षा प्रत्यक्ष पुरात होणे हा अक्षम्य अपराध ठरेल. म्हणून प्रत्येक फेरबदलानंतर त्याची तपासणी आपोआप व्हावी, अशी तजवीज आधीच करावी लागते.

ही तपासणी बहुधा क्लाउडमधील भाड्याच्या यंत्रांवर होते. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात व ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केल्यापासून ती महाराष्ट्रातही उपलब्ध आहेत. तपासणीपुरते एक व्हर्च्युअल मशीन उभे राहते, काम संपताच नष्ट होते, आणि पुढच्या खेपेस दुसरे, तितकेच कोरे, येते. ही सारी यंत्रे ज्या डिस्कच्या गोठवलेल्या प्रतीतून निघतात, ती इमेज.

तयार इमेज मिळत असता स्वतःची घडवण्याचा खटाटोप का करावा? सर्व्हरसाठीच्या साध्या इमेजमध्ये बहुधा देवनागरी फॉन्ट नसतो, आणि मग मराठी इशाऱ्याच्या पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. फॉन्ट व इतर सामग्री प्रत्येक तपासणीच्या वेळी नव्याने उतरवावी, तर वेळ जातो. शिवाय काल आलेली आवृत्ती आज बदललेली असली, तर दोष प्रोग्रॅमचा की परिस्थितीचा, हे उमगत नाही. घड्याळाचे मात्र उलट आहे. क्लाउडमधील यंत्रे सामान्यतः यूटीसी वेळ पाळतात. पहाटे चारची कारध्याची नोंद तेथे आदल्या रात्रीच्या साडेदहाची ठरते व तारीखच चुकते. म्हणून इमेजमध्ये भारतीय वेळ लावून ठेवण्याचा मोह होतो. परंतु प्रत्यक्ष सेवेतील यंत्र यूटीसीवर चालणार असेल, तर तो मोह निक्षून टाळावा, कारण तपासणी उत्तीर्ण होईल आणि दोष लपेल.

इमेज घडवण्याची कृती फाइलमध्ये लिहिलेली असावी, याविषयी माझा आग्रह आहे. 2013 मध्ये मिचेल हाशिमोटो यांनी आणलेले पॅकर नेमके हेच करते: मूळ इमेजवरून एक तात्पुरते यंत्र उभारते, लिहिलेल्या आज्ञा क्रमाने चालवते, डिस्कची प्रत घेते आणि यंत्र मोडते. लिनक्सवर प्रत घेण्यापूर्वी एसएसएचच्या होस्ट की पुसाव्या, मशीन-आयडी रिकामा करावा, पासवर्ड एकही राहू देऊ नये. अन्यथा त्या इमेजमधून निघणारे प्रत्येक यंत्र एकच ओळख व तेच गुपित घेऊन जन्मास येते. विंडोजवर ओळख पुसण्याचे काम सिसप्रेप करते. हाताने दुरुस्त केलेल्या इमेजमध्ये काय बसवले व काय राहिले, याचा दाखला कोठेच नसतो.

सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, म्हणून इमेज ठरावीक काळाने पुन्हा घडवावी, तिला आवृत्ती-क्रमांक द्यावा आणि जुनी लगेच काढून टाकू नये. तोच प्रोग्रॅम जुन्या इमेजवर उत्तीर्ण होऊन नव्या इमेजवर नापास झाला, तर प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी दोन्ही कृतींच्या फाइली शेजारी ठेवून फरक पाहावा.