अमरवेल घेताना झाड विचारा

बोरी-बाभळीवर पिवळ्या सुताचा गुंता पडलेला दिसतो, तीच अमरवेल. तिला हिरवे पान नाही. बी जमिनीत रुजते खरे, पण कोंबाला थोड्या दिवसांत झाड सापडले नाही तर तो मरतो. सापडले की त्याला वेढे घालून सालीत शोषक मुळे खुपसतो आणि मातीशी नाते तोडतो. पुढचे सारे पोषण त्या झाडाचे.

आमच्या अत्तार व जडीबुटीवाल्या बांधवांनी हीच गोष्ट ध्यानात ठेवावी. झाडाच्या रसाबरोबर त्यातले विषही वेलीत उतरते. कण्हेरीवर वाढलेल्या अमरवेलीत कण्हेरीचे, हृदयावर परिणाम करणारे विष सापडले आहे. धोतऱ्यावरची वेलही आम्ही तरी दुकानात ठेवणार नाही. सुकलेल्या मालावरून झाड ओळखता येत नाही. म्हणून माल आणणाऱ्याला सांगावे की, प्रत्येक झाडाची वेल वेगळी बांध आणि त्या झाडाची एक काडी पेंडीत राहू दे.

दुसरा घोळ नावांचा. युनानीत ‘अफ्तीमून’ आणि ‘तुख्मे कसूस’ या दोन वेगळ्या चिजा आहेत. अफ्तीमून हे नाव मूळ ग्रीक. अर्थ ‘हाशावर वाढणारी’. ही विलायती जात आपल्या अमरवेलीहून वेगळी आहे. हकीम ती सौदा बाहेर काढण्यासाठी, मालीखोलियात देतात. नुस्ख्यात ‘विलायती’ लिहिले असेल तर हकिमांना विचारल्याशिवाय देशी वेल बांधून देऊ नये. तुख्मे कसूस म्हणजे अमरवेलीचे बी. यकृताच्या तक्रारी व काविळीवरच्या शरबते दीनारमध्ये ते पुरचुंडीत बांधून घालतात. गंमत अशी की, या वेलीचे शास्त्रीय नाव ‘कस्कुटा’ हे अरबी ‘कशूस’वरूनच युरोपात गेले.

कोकण किनाऱ्यावर अशीच दिसणारी आणखी एक बिनपानांची वेल मिळते. तिलाही आकाशवेल म्हणतात, पण ती दालचिनीच्या कुळातली. तिचे फळ गरयुक्त व एकबीजी असते, अमरवेलीचे बोंड सुके असते. माल फळासकट मागवला तर फरक लगेच कळतो.

तुख्मे कसूस चाळल्यावर उरलेला कचरा शेताच्या बांधावर टाकू नये, जाळावा. हे बी जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते, आणि लसूणघासात एकदा शिरले की शेतकऱ्याला वेलीसकट घासही कापून जाळावा लागतो.