टाळीची किंमत कोण मोजतो?

क्रिकेटच्या मैदानाला किंवा कुस्तीच्या फडाला सरावलेला प्रेक्षक स्केटबोर्ड आणि बीएमएक्स सायकलींच्या व्यावसायिक स्पर्धेला प्रथमच जाऊन बसला, तर आरंभी त्याची पंचाईतच होते. येथे समोरासमोर उभे ठाकलेले दोन पक्ष नसतात आणि धावांचा हिशेबही नसतो. समोर काँक्रीटचे किंवा लाकडी फळ्यांचे एक खोलगट पात्र असते; त्यात उतार, पायऱ्या, कठडे यांची दाटी. एकेक स्पर्धक येतो, पाऊण मिनिट किंवा मिनिटभर त्या उतारांवर भिरभिरतो, हवेत उसळून गिरक्या घेतो, आणि एक तर चाकांवर उतरतो किंवा जमिनीवर आपटतो. पंच शंभरापैकी गुण देतात. हे गुण अवघडपणाचे, सफाईचे आणि नावीन्याचे असतात. नवख्या प्रेक्षकाला यातले फारसे काही उमगत नाही. त्याला निःसंशय कळते ती एकच गोष्ट, ती म्हणजे माणसाचे पडणे. म्हणूनच त्याच्या तोंडून पहिला उद्गार बाहेर पडतो तो कौशल्याला पाहून नव्हे, अपघाताला पाहून. या उद्गाराचे अर्थशास्त्र थोडे तपासून पाहण्याजोगे आहे.

या खेळांचा जन्म प्रेक्षकांसाठी झालेला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९५०च्या दशकात समुद्रलाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी, लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर तोच आनंद मिळावा म्हणून फळीला चाके लावली. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी युरेथेनची चाके आली आणि फळीला रस्त्याची पकड मिळाली. त्याच दशकाच्या मध्यावर तेथे दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे झाले आणि मुलांनी त्या वक्राकार भिंतींवर फळ्या चढविल्या. बीएमएक्सची कथाही याच प्रांतातली. मोटारसायकलींच्या शर्यती पाहून भारावलेली मुले वीस इंची चाकांच्या छोट्या सायकली धुळीच्या वाटांवर पळवू लागली. पाहणारे होते ते बरोबरीचे सवंगडी. त्यांना प्रत्येक कसरतीची अवघड जागा ठाऊक होती.

जोखीम जाते कोठे?

लवकरच या खेळासाठी तिकीट लावून चालविलेली मैदाने निघाली; परंतु १९७०चे दशक संपता संपता ती धडाधड बंदही पडली. त्यामागे विम्याचा मोठा वाटा होता. जखमी खेळाडूंच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांपायी विम्याचे हप्ते मालकांना परवडेनासे झाले. पुढे १९९७ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने स्केटबोर्डिंगची गणना धोकादायक करमणुकीत करून स्थानिक संस्थांवरील दायित्वाचा भार हलका केला, तेव्हा सार्वजनिक मैदानांना पुन्हा बहर आला. मात्र कायद्याने जोखीम नाहीशी झाली नाही. ती मालकाच्या वहीतून पुसली गेली आणि खेळणाऱ्याच्या हाडांवर येऊन बसली. अर्थव्यवहारात जोखीम सहसा विरून जात नाही, ती केवळ खांदा बदलते. या खेळांच्या पुढील इतिहासात तो खांदा बहुधा खेळाडूचाच राहिला आहे.

१९९५ साली ईएसपीएन या दूरचित्रवाणी वाहिनीने ऱ्होड आयलंड राज्यात ‘एक्स्ट्रीम गेम्स’ भरविले. दुसऱ्याच वर्षी त्यांचे नाव ‘एक्स गेम्स’ झाले. येथे एक उलटापालट झाली, ती ध्यानात घेतली पाहिजे. एरवी क्रीडासंस्था सामने भरवितात आणि वाहिनी त्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकत घेते. येथे वाहिनीच स्पर्धेची मालक होती. पडद्यावर काय चांगले दिसेल, हा प्रश्न मग स्पर्धेच्या रचनेतच शिरला. (२०२२ साली या स्पर्धांची बहुतांश मालकी एका गुंतवणूक संस्थेकडे गेली.) अशा व्यवस्थेत मैदानात बसलेला प्रेक्षक केवळ ग्राहक राहत नाही. त्याचा श्वास रोखणे, त्याचे किंचाळणे, त्याचा जल्लोष हे सारे घरबसल्या पाहणाऱ्यांना विकल्या जाणाऱ्या मालाचा भाग बनते. बाजारात ग्राहकाची मागणी किमतीतून व्यक्त होते. येथे ती टाळीतून व्यक्त होते. ज्या गोष्टीला टाळी अधिक, तिचा पुरवठा अधिक.

दोन दृश्ये

ही टाळी कोणत्या दोन टोकांना जाऊ शकते, हे दोन प्रसंगांवरून दिसते. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे टोनी हॉक हा एकतीस वर्षांचा खेळाडू हवेत अडीच गिरक्या, म्हणजे नऊशे अंश, घेण्याचा प्रयत्न करीत होता. ही कसरत तोवर स्पर्धेत कोणाला साधलेली नव्हती. तो पुनःपुन्हा पडत होता. नियमाची वेळ संपली, तरी त्याला कोणी थांबविले नाही. प्रतिस्पर्ध्यांनी आपले प्रयत्न बाजूला ठेवले आणि ते आपल्या फळ्या आपटून त्याला साद घालू लागले. अखेर ती कसरत साधली तेव्हा झालेला जल्लोष एका माणसाच्या विजयाचा होता, त्याहूनही अधिक एका अशक्य वाटणाऱ्या गोष्टीच्या शक्यतेचा होता.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २००७ मधला, लॉस एंजलिसचा. जेक ब्राउन हा ऑस्ट्रेलियन खेळाडू महाकाय उतारावरून उसळला, त्याची फळी हवेतच सुटली आणि तो सुमारे ४५ फुटांवरून कठीण पृष्ठभागावर कोसळला. पायातले बूट निसटून दूर उडाले. काही मिनिटे तो निपचित होता. नंतर आधाराने चालत बाहेर गेला. पुढे तो त्याच प्रकारात पुन्हा उतरला आणि जिंकलाही. तथापि जगभर पुनःपुन्हा दाखविली गेली ती त्याची जिद्द नव्हे, त्याची पडझड.

ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात यावर मार्मिक विवेचन केले आहे. कष्टप्रद किंवा अप्रिय कामाला वेतन अधिक मिळते, हे त्याचे सूत्र सर्वपरिचित आहे. पण ज्या धोक्यातून धैर्याने आणि चपळाईने निसटता येईल असे वाटते, तो धोका तरुणांना परावृत्त करीत नाही, उलट खुणावतो, असेही तो सांगतो. व्यवसाय निवडण्याच्या वयातच माणसाला स्वतःच्या दैवावर सर्वाधिक भरवसा असतो. परिणामी धोक्याचा मोबदला बाजारात पुरता मिळत नाही. थोड्यांना कीर्ती आणि पैसा मिळतो, बाकीचे त्या आशेवर हाडे मोडून घेतात. स्त्री-खेळाडूंच्या बाबतीत तर अन्याय दुहेरी होता. उंची तीच, जमीनही तितकीच कठीण. परंतु एक्स गेम्समध्ये स्केटबोर्ड खेळणाऱ्या स्त्रियांना पुरुषांच्या तुलनेत अगदी किरकोळ बक्षिसे मिळत. त्यांनी संघटित होऊन बहिष्काराची भाषा केली, तेव्हा कोठे २००९ पर्यंत बक्षिसांची रक्कम समान झाली.

बिल मात्र काही वेळा फार उशिरा येते. बीएमएक्समधील अग्रगण्य खेळाडू डेव्ह मिरा याने २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत सायकलसह हवेत दोन उलट्या कोलांट्या घेऊन प्रेक्षकांना थक्क केले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचे जीवन संपविले. मेंदूला वारंवार बसलेल्या धक्क्यांतून जडणारा विकार त्याला होता, असे नंतरच्या तपासणीत आढळले. तारुण्यात मोटारीच्या धडकेने त्याच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली होती आणि पुढे तो मुष्टियुद्धही खेळला. तेव्हा सारा दोष सायकलीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तरीही टाळ्या थांबल्यानंतर खेळाडूच्या देहात काय उरते, हा प्रश्न त्याच्या मृत्यूने उभा केला. जानेवारी २०१३ मध्ये हिवाळी एक्स गेम्समध्ये बर्फावरील वाहनाच्या कसरतीत एका तरुणाचा बळी गेला, त्यानंतर आयोजकांनी मोटार-वाहनांच्या काही कसरती स्पर्धेतून वगळल्या. पुरवठा बदलता येतो, हे त्यावरून सिद्धच झाले. बदलासाठी एक जीव जावा लागला, हे दुर्दैव.

जाणता प्रेक्षक

मग प्रेक्षकाने अशा स्पर्धांकडे पाठ फिरवावी काय? तसे मुळीच नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्ड आणि बीएमएक्सच्या कसरतींचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा महामारीमुळे मैदाने प्रेक्षकांविना होती. तेथे स्पर्धक हेच एकमेकांचे प्रेक्षक झाले. जपानची मिसुगु ओकामोतो ही पदकाची मोठी दावेदार. अखेरच्या फेरीत धाडसी प्रयत्न करताना पडली आणि चौथ्या क्रमांकावर गेली. ती डोळे पुसत बाहेर येत असताना प्रतिस्पर्धी मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतले. इंग्लंडची शार्लट वर्दिंग्टन बीएमएक्सच्या पहिल्या फेरीत एक अपूर्व कसरत करताना कोसळली. सुरक्षित मार्ग मोकळा असताना दुसऱ्या फेरीत तिने तीच कसरत केली आणि सुवर्णपदक मिळविले. पहिल्या फेरीतले पडणे ही त्या पदकाची पूर्वतयारी होती. पडण्याला दाद द्यावी की नाही, हा प्रश्नच नाही. पडण्यातील कोणत्या गोष्टीला दाद द्यावी, हे कळले पाहिजे. कुस्तीच्या फडातील जाणता माणूस डाव ओळखतो आणि हरलेल्या मल्लालाही शाबासकी देतो, तशीच ही जाण आहे.

हा विषय आता दूरदेशीचा राहिलेला नाही. २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने स्केटबोर्डमध्ये सुवर्णपदक पटकाविले. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्याच्या जनवार या खेड्यात २०१५ पासून मुलांसाठी स्केटबोर्डचे मैदान आहे. शाळेत गेल्यावाचून फळी मिळणार नाही, हा तेथील दंडक. ही मुले उद्या मोठ्या स्पर्धांत उतरतील आणि सभोवार प्रेक्षक जमतील. त्या वेळी शिरस्त्राण, डॉक्टर, विमा आणि दुखापतीनंतरची विश्रांती यांचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे पाहणाऱ्यांनी विचारले पाहिजे. तिकीट काढणाऱ्याला तो अधिकार आहेच. आणि त्याच्या टाळीवरच सारा डोलारा उभा असल्यामुळे ती त्याची जबाबदारीही आहे.