गोवराचे कुळ आणि प्राणिसृष्टीतील त्याचे आप्त

गोवर हा आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला आजार आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरी शेळी व दख्खनी मेंढी पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. गोठ्यातील आजार बालकास होतो काय, अशी शंका त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या माहितीसाठी या विषयाचा थोडक्यात परामर्श घेत आहोत.

गोवर आणि कांजिण्या ही नावे आपण जोडीने घेतो. परंतु विषाणुशास्त्र अंगावरील पुरळ पाहून नाते ठरवीत नाही; विषाणूची रचना व जनुकीय घडण पाहून ठरविते. त्यानुसार कांजिण्यांचा विषाणू नागिणीच्या कुळातील आहे. रुबेलास ‘जर्मन गोवर’ म्हणतात, तरी त्याचेही कुळ निराळे. उलट पुरळ न उठणारे गालगुंड मात्र गोवराच्याच, म्हणजे पॅरामिक्झो विषाणूंच्या, कुळात मोडते. या कुळातील ज्या शाखेत गोवर येतो, तिला ‘मॉर्बिलिव्हायरस’ अशी संज्ञा आहे.

या शाखेतील प्रमुख सदस्य पुढीलप्रमाणे :

1. गोवर : माणसाचा रोग. माकडांना तो माणसापासून होऊ शकतो; परंतु विषाणूचे कायमचे आश्रयस्थान मनुष्यच.

2. बुळकांडी : गाई, बैल, म्हशी व रानटी खुरधारी प्राण्यांचा रोग.

3. पीपीआर : शेळ्या-मेंढ्यांचा रोग. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, हगवण व फुप्फुसदाह ही त्याची लक्षणे. भारतात त्याची प्रथम नोंद 1987 साली तमिळनाडूत झाली.

4. कॅनाइन डिस्टेंपर : कुत्रे, कोल्हे, वाघ, सिंह अशा अनेक प्राण्यांना होणारा रोग. 1994 साली टांझानियातील सेरेंगेटीमधील सुमारे एक-तृतीयांश सिंह त्यात दगावले. 2018 साली गीरमध्ये मृत्यू पावलेल्या काही सिंहांतही हा विषाणू आढळला.

5. सील, डॉल्फिन व देवमासे यांना ग्रासणारे सागरी विषाणू. 1988 साली उत्तर समुद्रात हजारो सील मृत्युमुखी पडले.

यांपैकी गोवराचा सर्वांत निकटचा आप्त बुळकांडी होय. माणूस गुरे पाळू लागल्यानंतर आणि काही लाख वस्तीची नगरे उभी राहिल्यानंतर त्यांच्या समान पूर्वजापासून गोवर माणसात स्थिरावला, असे मानले जाते. मात्र आज शेळीचा पीपीआर वा कुत्र्याचा डिस्टेंपर बालकास होऊन गोवर उद्भवत नाही. गोवर होतो तो दुसऱ्या गोवरग्रस्त व्यक्तीच्या खोकल्या-शिंकेतून.

बुळकांडीचा इतिहास आपणांस आशा देणारा आहे. गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठी 1889 साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. 1893 साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. लसीकरणाच्या दीर्घ प्रयत्नांनंतर भारतात बुळकांडीचा अखेरचा उद्रेक 1995 साली झाला. 2006 साली देश या रोगापासून मुक्त ठरला आणि 2011 साली संपूर्ण जग. मानवी देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग.

गोवराचेही असेच उच्चाटन तत्त्वतः शक्य आहे, कारण त्यास प्राण्यांत दडून राहण्यास जागा नाही. लस न घेतलेले मूल हाच त्याचा आसरा. डिस्टेंपरचे तसे नाही. केवळ कुत्र्यांना लस देऊन तो जंगलातून जात नाही.

गोवर अत्यंत सांसर्गिक असल्याने साथ रोखण्यास शंभरांपैकी किमान 95 बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. ही मर्यादा घसरली की काय होते, हे 2022 साली मुंबई, भिवंडी व मालेगाव येथील उद्रेकांनी दाखविले. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबे आणि चराईसाठी गाव सोडणारे मेंढपाळ यांच्या मुलांची दुसरी मात्रा स्थलांतरात राहून जाण्याचा धोका असतो.

गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा 9 महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य मिळते. गोवर झालेल्या बालकास केवळ घरगुती उपचारांवर ठेवू नये. फुप्फुसदाह, हगवण, मेंदूदाह व अंधत्व या गुंतागुंतींचे भय असते, आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा वैद्यकीय सल्ल्याने देणे आवश्यक असते.

पालकांनी प्रवासात लसीकरणाचे कार्ड जवळ बाळगावे. हितचिंतकांनी आपल्या गावातील, कारखान्याच्या तळावरील एखाद्या बालकाचे कार्ड पाहून राहिलेली मात्रा पूर्ण करवून घेतली, तर ती देणगीइतकीच मोलाची सेवा ठरेल.