आकाशगंगेच्या गाभाऱ्यातील वायू

जून ते सप्टेंबर या महिन्यांत चांदणे नसलेल्या रात्री आकाशगंगेचा पट्टा आपल्या बेटाच्या थेट डोक्यावरून जातो. वृश्चिक आणि धनु राशींजवळ तो सर्वांत रुंद दिसतो. त्याच दिशेला, सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर, आकाशगंगेचे केंद्र आहे. पुण्या-मुंबईकडे ते दक्षिणेला कललेले दिसते, लंडनहून तर क्षितिजालगत. मॉरिशसमध्ये मात्र ते जवळजवळ माथ्यावर येते.

हा गाभारा डोळ्यांनी दिसत नाही. मध्ये धुळीचे दाट पडदे आहेत. रेडिओ लहरी मात्र ते पार करतात. तेथे हायड्रोजनचे रेणू विपुल आहेत, पण थंड असताना ते जवळजवळ मुकेच असतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्या सोबत्याला विचारतात. हा सोबती म्हणजे मोटारीच्या धुरात असतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याची २.६ मिलिमीटरची लहर विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी १९७० साली अवकाशातून प्रथम टिपली.

रुग्णवाहिका जवळ येताना भोंग्याचा सूर चढतो, दूर जाताना उतरतो. तसेच लहर आखूड झाली की वायू आपल्याकडे येत आहे, लांबली की दूर जात आहे, असे समजते. यावरूनच वायूची चाल कळते.

आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक लांबट पट्टा आहे. त्याच्या ओढीमुळे वायूला सरळ गोल फिरता येत नाही. तो दोन्ही बाजूंनी आत घसरतो आणि केंद्राभोवती साठतो. तेथे काही कोटी सूर्यांइतका वायू आहे. २०११ साली हर्शेल दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्याचे सुमारे ६०० प्रकाशवर्षे लांबीचे, आडव्या इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे पिळलेले कडे दिसले. आणखी आत ४० लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. त्याचे चित्र मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याभोवती वायूचे लहान कडे सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने फिरते.

या भागातील 'धनु बी-२' नावाच्या प्रचंड मेघात १९७५ साली मद्यार्क सापडला. २००९ साली रमसारखा वास असणारे एथिल फॉर्मेटही तेथे आढळले!

खरे कोडे पुढेच आहे. एवढा दाट वायू असूनही तेथे तारे अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश जन्मतात. गाड्या भरभरून ऊस गिरणीत यावा आणि साखर मात्र मूठभर निघावी, तसे हे झाले. वायूची खळबळ, उष्णता, चुंबकीय शक्ती आणि फिरण्यातील ताण ही कारणे सांगितली जातात. कोणाचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही. विश्वाच्या तरुणपणी अनेक दीर्घिकांत असाच खवळलेला वायू होता. म्हणून येथील उत्तर मिळाले, तर तारे कसे जन्मले याच्या इतिहासावरही प्रकाश पडेल.

असे संशोधन आपल्याला परके नाही. ब्रा द'ओ येथील रेडिओ दुर्बीण मॉरिशस विद्यापीठाने बंगळूरच्या दोन संस्थांच्या सहकार्याने उभारली. ती सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरींसाठी होती, तरी दक्षिणेचे आकाश इथून उत्तम अभ्यासता येते हे तिने दाखवले.

पालकांनो, यंदा गणपती विसर्जनाच्या दिवसांत एका रात्री, चंद्र मावळल्यावर, ओसरीवरचा दिवा मालवा आणि मुलांना धनु रास दाखवा. उद्या हे कोडे सोडवणारे मूल आपल्याच एखाद्या गावातले असू शकेल.