जुन्या मोटारीची खडखड

स्मरणिका समितीने या वर्षी मजकडे दाणेबाजाराविषयी चार शब्द मागितले होते. बाजाराविषयी आपण सर्व बंधू बारा महिने बोलतोच. म्हणून समितीच्या अनुमतीने मी माझ्या जुन्या मोटारीची हकीकत सादर करीत आहे. वाडवडिलांची एखादी गाडी अद्याप ज्यांच्या छपराखाली उभी आहे, त्यांना ती कदाचित उपयोगी पडेल.

आमची गाडी ॲम्बॅसडर, मार्क दोन. तीर्थरूपांनी ती १९६६ साली बेळगावात आणली, तेव्हा मी बिगरीत जात असे. विलायतच्या मॉरिस ऑक्सफर्डचा हा देशी अवतार कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे घडत असे. ते उत्पादन २०१४ साली थांबले. इंजिन १४८९ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे. स्वभावाने आमच्या तीर्थरूपांसारखे, म्हणजे तक्रार न करणारे. त्यामुळे गेल्या माघात त्यातून खडखड ऐकू येऊ लागली तेव्हा घरातील सर्वांचेच चित्त अस्वस्थ झाले. रिकाम्या डब्यात मूठभर हरभरे घालून डबा हलवावा, तसा तो आवाज.

शहरातील एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून क्षणभर कान दिला आणि निवाडा केला की, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे गेली, इंजिन उतरवावे लागेल, साठ हजार रुपये धरून चाला. कारण विचारता म्हणाला, "तेल कमी असताना गाडी पळवलेली दिसते."

हे वाक्य मी तसेच उचलले. आमचे ड्रायव्हरमामा १९९३ पासून ही गाडी हाकीत होते. पेढीवर, हमालांच्या आणि दोन गिऱ्हाइकांच्या देखत, मी त्यांना नको ते बोललो. ते एवढेच म्हणाले, "सावकार, तेल मी कधी कमी पडू दिलं नाही." किल्ली गादीवर ठेवली आणि ते येळ्ळूरला आपल्या घरी निघून गेले.

रात्री जेवताना सौभाग्यवतीने विचारले, "दर रविवारी मामा तेलाची काडी पुसून तुम्हांलाच दाखवीत होते ना?" मी उत्तर दिले नाही. ते खरे होते.

पोत्यांचा हिशेब जुळेना म्हणजे आपण प्रथम रोजमेळ काढतो. हमालाचा गळा मागाहून धरतो. (निदान तसे करावयास हवे.) मी एक कोरी वही घेतली आणि पंधरा दिवस स्वतः गाडी चालवून आवाज केव्हा येतो, केव्हा येत नाही, याची नोंद केली. इंजिन थंड की गरम, गियर कोणता, चढ की उतार, गाडीत माणसे किती. गोव्याहून येताना चोर्ला घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गियरात चढविली, तेव्हा आवाज नव्हता. रविवार पेठेत गर्दीत थांबलो, की खडखड सुरू. थंड-गरमाने काही फरक नाही. ॲक्सिलरेटर दाबला, की ती नाहीशी होई.

ही वही घेऊन मी कॅम्पातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. सर्वजण त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी वही दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "शेठ, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं तर इंजिनावर भार पडताच ते ओरडतं. तुमचं तर घाटात गप्प बसतं." तरीही त्यांनी खात्री करून घेतली. दाबाचे घड्याळ जोडून पाहिले. गरम इंजिनावर, वेग दिला असता, तेलाचा दाब ५० पौंडांच्या आसपास स्थिर राहिला. मग एकेका प्लगची वायर काढली. ज्या सिलिंडरचे बेअरिंग सैल, त्याचा स्फोट थांबताच ठोका मंदावतो. येथे चारींपैकी कशानेही फरक पडला नाही. पिस्टन सैल असता, तर थंडपणी वाजून तापल्यावर शांत झाला असता. टॅपेटची फट सहज मोजली, ती ठीक होती.

राहिली टायमिंग चेन. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनास आणि मूठ कानास लावून चाचांनी ऐकले. आवाज पुढूनच येत होता आणि सैल चेनही मंद गतीतच वाजते. माझी तर खात्रीच पटली. चाचांनी मात्र प्रथम पंख्याचा पट्टा उतरविला आणि इंजिन दोन मिनिटे चालविले. पट्ट्याशिवाय पाणी फिरत नाही, म्हणून अधिक नाही. खडखड बंद! चेन तर आत फिरतच होती. ती बदलली असती, तर पैसे जाऊन आवाज जागच्या जागी राहिला असता.

आता डायनामो, पाण्याचा पंप आणि पंखा एवढेच उरले. डायनामो खोलण्यात अर्धा दिवस व्यर्थ गेला. त्यात काही नव्हते. पंपाचा दांडाही हलेना. शेवटी चाचांनी पंखा काढला, तेच बोल्ट वॉशर घालून पुन्हा कसले, पट्टा चढविला आणि इंजिन सुरू केले. पूर्ण शांतता.

पंखा रॉकेलने धुऊन दिव्याखाली धरला. पाती मधल्या पत्र्यास रिव्हेटांनी जडविलेली. त्यांतील दोन रिव्हेटांभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसत होती. धातू धातूवर घासत राहिल्याची ती खूण. पाते अंगठ्याने हलविताच टक्‌ असा आवाज आला. मंद गतीत इंजिनाच्या हिसक्यांनी ते आपटे. वेग वाढताच बाहेर ताणले जाऊन घट्ट बसे. आणखी काही महिने तसेच चालविले असते, तर पाते तुटून रेडिएटरात घुसण्याचा संभव होता. दुसरा पंखा, नवा पट्टा आणि चाचांची मजुरी मिळून तीन हजारांच्या आत काम झाले.

दुसऱ्या दिवशी तो जुना पंखा कागदात गुंडाळून मी येळ्ळूरला गेलो. मामा अंगणात ज्वारी वाळत घालीत होते. मी पंखा त्यांच्या हाती दिला आणि जे पेढीवर बोललो होतो, ते त्यांच्या सुनेच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत परत घेतले. त्यांनी पाते दोन-तीनदा हलवून पाहिले. "हे माझ्याही ध्यानात यायला हवं होतं की," असे म्हणून त्यांनी सुनेला चहा ठेवावयास सांगितले. पुन्हा कामावर या, असे मी म्हटले, तेव्हा ते लगेच हो म्हणाले नाहीत. आता ते फक्त रविवारी येतात, गाडी धुतात, तेलाची काडी पुसून मला दाखवितात, आणि मीही ती चष्मा लावून पाहतो.